हार्लननं काढलेले ओंडके

लिट्ल ऑल्डर, ओरेगन
४ मे २०११

चि. विनीस एडनाचे अ. आ.
इकडे सगळं ठीक, गुडघा सोडून. काल नदी-समितीची डोरीन आली होती. म्हणाली, तुमच्या काठावरची फरची झाडं तोडून नदीत आडवी टाकायचीत, सही द्या. मी विचारलं, बाई, शुद्धीवर आहेस ना? माझ्या नवऱ्यानं वीस वर्षं ट्रॅक्टर लावून याच नदीतले ओंडके उपसले. ओंडक्यांनी साल्मन माशांची वाट अडते, असं तेव्हा अधिकारीच सांगत. गावानं त्याचा सत्कार केला होता. त्यावर ती म्हणाली, गेल्या हिवाळ्यात अंडी घालायला समुद्रातून तीनच साल्मन वर आले. मी तिला कॉफीसुद्धा विचारली नाही. सही केली, तर हार्लनचं आयुष्य चुकीत गेलं असं मीच लिहून दिल्यासारखं होईल. काय करू?
माया अशीच राहू दे.
एडना

पोर्टलंड
१६ मे २०११

ती. एडनाताईस सा. न.
कॉफी विचारली नाहीस? तू? म्हणजे प्रकरण गंभीर आहे! पण ओंडक्याखाली मासा करतो तरी काय? शाळेत सिस्टर कॉन्स्टन्सना प्रश्नांनी भंडावणारी तू, आणि हे विचारलं नाहीस? हार्लनभावोजी असते तर त्यांनी आधी तेच विचारलं असतं. सही राहू दे, पण विचार, आणि मला कळव.
लोभ असावा, राग आठवडाभर पुरे.
तुझी विनी

लिट्ल ऑल्डर
१२ जून २०११

चि. विनीस अ. आ.
विचारलं. ओंडक्यामागे पाणी मंदावतं, बारीक खडी साठते आणि त्या खडीत मादी अंडी घालते. ओंडका नसला की पूर सगळं धुऊन नेतो. मग डोरीननं विचारलं, पूर्वीचे ओंडके नेमके कुठे होते? कागदोपत्री कुठेच नोंद नाही. मला मात्र ठाऊक होतं; प्रत्येक ठिकाणी मी हार्लनचा डबा घेऊन गेले होते. काठी टेकत तिला नऊ जागा दाखवल्या. एका जागी बराच वेळ बसले. मग सही केली.
आठवण काढत जा.
एडना

लिट्ल ऑल्डर
२२ नोव्हेंबर २०१२

चि. विनीस अ. आ.
आज सकाळी वळणावर टाकलेल्या नव्या ओंडक्यामागे एक मादी आडवी होऊन शेपटीनं खडी उकरत होती. अंगभर लाल, शेपटी झिजून पांढरी. जवळच आणखी चार. तासभर हलले नाही. मग, तो गेल्यापासून सहा वर्षांत पहिल्यांदाच, हार्लनशी मोठ्यानं भांडले. इथला जुना ओंडका काढायला त्याला तीन दिवस लागले होते, आणि तिन्ही दिवस मीच त्याला शाबासकी देत होते. त्याच्यावरचा राग निघाला, माझ्या स्वतःवरचाही निघाला. मादी मात्र उकरतच राहिली.
तू ये. मला एकटीला पाहवत नाही.
एडना