एक जूनचा फ्लेक्स

मंगळवार, १७ जून

यादी पिशवीत घातली आहे. गावात ज्यांच्याकडं जन्माचा दाखला नाही त्यांची नावं पोलीस पाटील म्हणून मी उद्या तालुक्याला द्यायची. बांगलादेशी घुसखोर शोधायचेत. शोधा की! माझा सख्खा भाऊ सीमेवर पहारा देतो, मला कुणी घुसखोरीवर भाषण द्यायला नको.

पण आज सरपंच बप्पांनी स्वतःच यादी लिहून माझ्यापुढं सरकवली. नाव एकच, मुमताज शेख.

"बप्पा, मुमताजची अन् माझी आई एकाच टोळीत ऊस तोडायच्या. आमी दोघीबी फडातच जन्मलो. दाखला माझाबी न्हाई."

"तुझं येगळं हाय. सही कर."

वेगळं काय? शाळेत घालताना गुरुजींनी दोघींची जन्मतारीख एक जून लिहिली. नोंद नसलेल्या प्रत्येक पोराला ते एक जूनच द्यायचे. माझ्या सहीनं तिचं रेशन, मत, सगळं जाऊ शकतं. तरी मी कागद घेऊन गुमान निघाले. घाबरले का? हो, घाबरले.

वेशीपाशी थबकले. बप्पांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अजून लटकतोय. गॉगल घातलेला फोटो, अन् खाली ठळक अक्षरात एक जून. रोज त्याच्याखालून जाते, आजच कसा दिसला? निवडणुकीच्या अर्जालाही त्यांनी शाळेचाच दाखला जोडला होता, जन्माचा नव्हताच. मीच होते सोबत.

आल्या आल्या यादी नव्यानं लिहायला बसले. गावातले सगळे एक जूनवाले आठवून आठवून लिहिले, दीड पान झालं. खाली सही केली. मुमताजचं नाव त्यात आहेच, तिसरं. पहिलं माझं आहे, अन् दुसरं बप्पांचं.