पेट्रोलसाठी पाण्याची पिंपं

वडवणी, मंगळवार, सांजवेळ

अजून डोकं तापलेलंच आहे. भाच्याला स्पोर्ट्स कार शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची आहे. "आत्या, ट्रॅकवर गाडी लई पेट्रोल पिती, जवळ पंप न्हाई. सोसायटीची दोन पिंपं नेतो." कोणती पिंपं? टँकरचं पाणी साठवून सगळी गल्ली ज्यांतून पिते, तीच! "धुऊन आणून देतो की." धुणार कशानं, गाढवा? आणि पेट्रोलचा वास जातो कधी? त्याचा बाप, म्हणजे माझा भाऊ, सोसायटीचा चेअरमन. तो नुसता हसत होता. कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी शिकवलेला संयम तिथंच संपला. दुपारी टँकर आल्याबरोबर दोन्ही पिंपं काठोकाठ भरून घेतली. मी जास्त बोलले का? छे, एवढंच म्हटलं, "उचल आता." हललं नाही. ना पिंप, ना भाचा.