आता हात सोडा

२ सप्टेंबर

नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. टेबल खिडकीपाशी मिळालं, खुर्ची कुरकुरत नाही आणि चहा चक्क पिण्यासारखा आहे. यंत्रं सांभाळणाऱ्या गृहस्थांना विभागात सगळे तारकाका म्हणतात, कारण त्यांच्या खिशातून कायम एखादी तार लोंबत असते. त्यांनीच मला प्रयोगाची खोली दाखवली. मधोमध जाड करडा पडदा, अलीकडे हातांची खुर्ची, पलीकडे साधं स्टूल. पडद्याला कमरेच्या उंचीवर सदऱ्याच्या बाहीसारखी एक लांब बाही शिवलेली आहे.

प्रयोगाला येणारी माणसं कुठल्या ना कुठल्या आघातातून गेलेली असतात. कुणी अपघातातून वाचलेलं, कुणी आगीतून. माणूस खुर्चीत बसतो, त्याला एक कॅप्सूल देतात, पायाला पट्ट्या लावतात. समोरचा लाल दिवा लागला की बारीकसा झटका बसतो, किंवा बसतही नाही. कुणाच्या कॅप्सूलमध्ये औषध असतं, कुणाच्या नुसती साखर. बाहीतून एक अनोळखी हात येऊन त्याचा हात धरतो. कधी तो शेवटपर्यंत राहतो, कधी दिवा लागल्यावर मध्येच काढून घेतात. आधार असला की भीती किती ओसरते आणि काढून घेतला की किती मुरते, हे आमचे सर मोजतात.

तारकाका म्हणाले की इथे लोक परक्याचा हात जितका घट्ट धरतात तितका घरी बायकोचा धरत नसतील. मी मनापासून हसले. पडद्यामागचा हात होणं हेच माझं काम आहे. सरांनी माझा तळवा बोटाने चाचपून पाहिला आणि ऊबदार आहे, चालेल म्हणाले. चेहऱ्याकडे मात्र बघितलंही नाही. लग्नानंतरचं आडनाव असं कामाला येतं.

५ सप्टेंबर

मी इथे का आले ते निदान स्वतःशी तरी सरळ लिहावं. माझा मोठा भाऊ याच खुर्चीत गेला.

दादाला ऑटिझम होता. बोलणं मोजकंच. एकदा शिकवलेलं कधी विसरायचा नाही, पण जसं शिकवलं तस्संच, एका शब्दाचा फरक चालायचा नाही. चेहरे त्याच्या डोक्यात राहत नसत. तो माणूस जागेवरून ओळखायचा. ओट्यापाशी उभी असेल ती आई. मावशी ओट्यापाशी गेली की तो रिकामा डबा तिच्या हातात द्यायचा, आणि खरी आई बाल्कनीत उभी असली की तिच्याकडे सेल्समनकडे बघावं तसं बघायचा. आम्ही पोट धरून हसायचो, आईसुद्धा. मिठी मारलेली त्याला खपायची नाही. हात मात्र धरायचा, आणि तळव्यावर अंगठा दोनदा दाबायचा. म्हणजे, मी आहे.

सरांनी आईला सांगितलं होतं की या औषधाने अशी माणसं भराभर शिकतात. दादाला शिकवलं की पडद्यातून हात आला की धरायचा, आणि ‘झालं, आता हात सोडा’ असं सर म्हणाले की मगच सोडायचा. तो शिकला. पलीकडे खुद्द सरच बसायचे. मग त्यांना बघायचं होतं की इतका पक्का बसलेला आधार अर्ध्यातून काढला तर काय होतं. दिवा लागला. सरांनी हात ओढून घेतला. दादाला आकडी आली आणि ते वाक्य कुणी म्हटलंच नाही. पुढे चौकशीत सरांनी हात झटकले. त्याला फिट्स आधीपासूनच येत असणार, असं ठरलं. दादाला साधा तापसुद्धा क्वचित यायचा.

हा माणूस पुन्हा सुखाने झोपू नये, एवढंच मला हवं आहे. आईला मी सांगितलंय की मला ग्रंथालयात नोकरी लागली.

१२ सप्टेंबर

आज सरांचं भाषण झालं. पडद्यावर एक आलेख दाखवून ते म्हणाले की हा सहभागी फार सुंदर शिकला होता, दुर्दैवाने पुढची माहिती मिळाली नाही. पुढची माहिती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वही फाटेपर्यंत पेन दाबून मी टिपणं काढत राहिले. भाषण संपल्यावर सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवल्या.

१८ सप्टेंबर

सरांनी आज मला फैलावर घेतलं. हात काढून घ्यायला सांगितलेल्या वेळीही मी काढत नाही म्हणे, कारण त्या लोकांची नाडी शांतच राहते आहे. मी काढते. दर वेळी काढते आणि दर वेळी दादा आठवतो.

दुपारी एक ट्रकचालक आला होता, दरीत कोसळून वाचलेला. दिवा लागल्यावर मी हात काढून मांडीवर ठेवला. नंतर बुटाची नाडी बांधता बांधता तो म्हणाला की बाई, तुम्ही शेवटपर्यंत धरून बसलात, बरं केलंत. तुम्ही तळव्यावर अंगठा दोनदा दाबलात ना, तेव्हा जीव भांड्यात पडला.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

२० सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले तेव्हा मी खुर्चीत बसले. पलीकडे कुणी नव्हतं, स्टूल उलटं करून ठेवलेलं होतं. बाहीत हात घातला. थोडा वेळ काहीच नाही. मग माझ्या बोटांत बोटं आली. कोरडी, ऊबदार. पहिल्या बोटाचं टोक खरबरीत. दादा शर्टाचं बटण घासत बसायचा, त्याने झालं होतं ते. अंगठा दोनदा.

त्याने मला ओळखलं. इतक्या वर्षांत इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

हात काही सुटेना, तेव्हा डाव्या हाताने यंत्र चालू केलं. प्रयोग संपताना सरांच्या आवाजातलं वाक्य भोंग्यातून येतं. दादाच्याच वेळेस भरलेला आवाज, अजून तोच वापरतात. ‘झालं, आता हात सोडा.’ त्याने लगेच सोडला. गुणी माझा दादा.

मी बाहीत तोंड घालून त्याला सांगितलं की थोडा धीर धर, सरांना तुझ्याकडे घेऊन येते.

२६ सप्टेंबर

मोका आयता चालून आला. पैसे देणाऱ्या संस्थेची मंडळी येणार आहेत आणि दर वर्षीप्रमाणे सर स्वतः खुर्चीत बसून प्रयोग दाखवणार. त्यांना साखरेची कॅप्सूल असते. यंदा नसेल. जे दादाला दिलं तेच देणार, भीती हाडापर्यंत मुरवणारं. आणि ते वाक्य मी पुसून टाकणार, यंत्रातून, कपाटातल्या प्रतींमधून, सगळीकडून. दादाने धरलं की सरांना सोडवणारं कुणी उरायला नको.

तारकाका म्हणाले की पोरी, हल्ली तू फार खुशीत दिसतेस. मी म्हटलं की घरी भाऊ यायचाय.

१ ऑक्टोबर

झालं माझ्या मनासारखं.

सर पाहुण्यांशी थट्टा करत खुर्चीत बसले. मी स्टुलावर. त्यांचा हात घामट होता, धरताना मला शिसारी आली. दिवा लागला आणि मी हात ओढून घेतला, जसा त्यांनी ओढला होता. बाही तशीच फुगलेली राहिली. पलीकडून सर आधी हसले, मग कोण आहे म्हणाले, मग काढा काढा म्हणून ओरडायला लागले. तारकाकांनी बटण बंद केलं, पट्ट्या सोडल्या, पण बाहीतला हात कुणालाच सोडवेना. त्यांचंच वाक्य, तेवढं नीट म्हटलं असतं तर सुटले असते. ते आपले काढा, वाचवा, देवा म्हणत राहिले. त्यांना स्वतःचे शब्द आठवले नाहीत.

डॉक्टर आले तोवर संपलं होतं. हृदय बंद पडलं म्हणाले. मला आनंद झाला. मला आनंद झाला, हे मी दोनदा लिहिते.

सगळे खुर्चीभोवती गोळा झाले तेव्हा बाही हळूच माझ्या बाजूला वळली. माझा उजवा हात कुणीतरी धरला. अंगठा दाबला नाही.

३ ऑक्टोबर

परवापासून डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा मिटलेलाच आहे, बोटं उघडत नाहीत. बघणाऱ्याला तिथे काही दिसत नाही. आई म्हणाली की थंडी बाधली असेल, तेल चोळून देते. चोळताना तिची बोटं कशाला तरी अडली. ती वाटी उचलून आत गेली.

दादा, मी आहे, असं दिवसभर म्हणते आहे. तो आवाजावरून ओळखत नाही. कधीच ओळखत नव्हता.

४ ऑक्टोबर

कळलं. उशिरा कळलं.

मी खुर्चीत होते तेव्हा त्याने मला जवळ केलं. ट्रकचालकालाही केलं. सरांनाही तो धीरच देत होता, खुर्चीत बसलेल्या एका घाबरलेल्या माणसाला. खुर्चीत बसतो तो त्याच्यासारखा. आणि स्टुलावर बसतात ते सर—

स्टुलावर बसून, दिवा लागल्यावर, हात काढून घेणारी मी. दर वेळी मी.

ओट्यापाशी उभी ती आई. हे मला ठाऊक होतं. मलाच तर सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

७ ऑक्टोबर

विभागात गेले. खुर्चीत बसेन, मग ओळखेल, म्हणून. खोली रिकामी. खुर्ची, पडदा, सगळं भंगारात घातलं. तारकाकांना विचारलं की सरांच्या आवाजाची एखादी प्रत आहे का. ते म्हणाले की कुणी मेल्याने सगळं पुसून टाकलंय, भाषणांतही ते वाक्य कुठे नाही. आणि सर तर आता—

तारकाकांकडून ते वाक्य म्हणवून घेतलं. मी म्हटलं, रडत म्हटलं, आवाज जाड करून म्हटलं.

पकड घट्ट झाली.

९ ऑक्टोबर

कोपरापर्यंत बाहीत गेल्यासारखं वाटतं. करडं कापड लागतं दंडाला. ओढतोय. रागाने नाही. शिकवलं तस्सं, न थकता—

आईने ओट्यापाशी उभं राहून त्याला हाक मारली. क्षणभर पकड सैल—

नाही.

१० ऑक्टोबर

समोर लाल दिवा. आई म्हणते कुठाय दिवा. खांदा गेला. आईने माझा डावा हात धरलाय, लिहू देत नाही, मी तिला सांगते आहे की तू सोड, नाहीतर तुलाही—

बोललेलं तो मानत नाही. लिहिलेलं वाचायचा तो. एक एक अक्षर, बोट ठेवून. दादा, इथे बघ, सरांचंच आहे, त्यांचेच शब्द, एकाचाही फरक नाही—

झालं, आता हात सो