मामीच्या पाया पडलेला भाचा

मी चंद्रभागाबाई, धर्मराज यांची विधवा, राहणार धारूर, वय सत्तरच्या आसपास (आईने मोजून ठेवलं नाही), पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दाबाखाली न येता हे मृत्युपत्र सांगते. मला अक्षर येत नाही. लिहिणारे गुंडप्पा दुकानदार. मी बोलते तसंच लिहायचं ठरलंय, पण हा माझ्या "हाय"चं "आहे" करतो. माझे डोळे अधू, कान तिखट, डोकं ठिकाणावर. शंका असेल त्याने भांडून पाहावं.

घर मुलगा त्रिंबक याला. तो तहसिलीत कारकून असल्यामुळे त्याला सगळ्याची भीती वाटते. निदान छपराची वाटू नये.

माळाचं शेत सून भिवराबाईच्या नावे. त्रिंबकने तोंड वाकडं करू नये. खुरपं तिच्याच हातात होतं.

आता जे सांगायचं ते मिळकतीत बसत नाही, पण ते सांगितल्याशिवाय हा कागद पुरा व्हायचा नाही.

चौदा वर्षांमागे बद्रीनाथ नावाचा तरुण इंग्रजी मुलखातून सीना ओलांडून मोगलाईत, इकडे निजामाच्या राज्यात, आला. गोऱ्या सरकारचं वॉरंट त्याच्या मागे होतं. माझ्या नणंदेचा मुलगा म्हणून अकरा दिवस मी त्याला घरात ठेवला. चुलीपाशी बसून म्हणायचा, "मामी, इंग्रज जाणार बघा." मी म्हणायचे, "आधी तू जा, आडावरून पाणी आण."

अकराव्या दिवशी दुपारी घरोघर चौकशी करत जमादार आला. मी भाचा म्हणून सांगितलं, ते त्याला पटलं. तो पाणी पिऊन उठला. बद्रीनाथची गाडी दारात जुंपलेली होती. निघताना बद्रीनाथ वाकला आणि जमादारादेखत त्याने माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

आमच्यात भाचा मामीच्या पाया पडत नाही. मामा-मामीच भाच्याच्या पाया पडतात, मग तो पाळण्यात का असेना. त्याला मी सगळं पढवलं होतं: नणंदेचं गाव, बैलांची नावं, कोणाला काय हाक मारायची. एवढं सांगायचं राहिलं. जमादार उंबऱ्यात थबकला. म्हणाला, "बाई, हा कुठला भाचा?"

वेशीपाशी त्याला धरलं. पुढे इंग्रजांनी फाशी दिली. दोराखाली उभा राहून तो बोलला ते कापसाच्या गाड्यांबरोबर इथवर आलं: "फास तुमचा, मान माझी, मुलूख आमचा." आज बीडच्या बाजारात लोक ते हळू आवाजात म्हणतात आणि पोरी झोक्यावर मोठ्याने. मी ऐकते आणि तव्यावरची भाकर करपते. साहेबापुढे वाकली नाही ती मान माझ्या शेणाने भरलेल्या पायांवर वाकली होती. त्याने त्या पायांत काय पाहिलं, हे चौदा वर्षांत मला उमगलं नाही.

गावाने मात्र ठरवलं, शेजारच्या उत्तरेश्वरने चुगली केली. कारण आदल्या दिवशी बांधावरून आमचं वाजलं होतं आणि तो तणतणत चावडीकडे गेला होता. तेव्हापासून त्याच्या घरचं पाणी कोणी पीत नाही. त्याच्या लेकीला इथे कोणी करून घेतली नाही, लांब द्यावी लागली. मला खरं ठाऊक होतं. मी गप्प बसले. लोक मला बद्रीनाथची मामी म्हणायचे, बाजारात वाट द्यायचे. तो माझ्या चुकीने गेला हे सांगितलं असतं तर कोण वाट देणार होतं?

म्हणून लिहून ठेवते: चुगली कोणी केली नाही. उत्तरेश्वर बांध कोरतो, हे खरं. त्यापलीकडे त्याचा काही दोष नाही.

माझ्या तेराव्याला त्रिंबकने हे चावडीसमोर वाचावं. नोकरीच्या भीतीने दोराखालचे शब्द गाळले तरी चालेल, ते लोकांना पाठ आहेत. नमस्कार गाळायचा नाही.

गुंडप्पा म्हणतो, ज्याला मिळकत मिळते त्याची साक्ष चालत नाही. उत्तरेश्वरला मी वीतभर जमीन देत नाही. बांधातली त्याने घेतलीच आहे. तेव्हा त्याची साक्ष चालते. त्याला बोलावलं आहे. कागद पुरा वाचून दाखवावा, मग अंगठा घ्यावा. नाही दिला तर माझी तक्रार नाही.

निशाणी अंगठा: चंद्रभागाबाई

लिहिणाराची नोंद: कागद बाईंना आणि दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. उत्तरेश्वर अंगठा न देताच उठला. मग म्हणाला, "वैनी, तुमच्या तेराव्यापर्यंत मी काहून थांबू? माझी बायको हे न ऐकताच गेली. चला चावडीवर, आत्ता."

बाई म्हणाल्या, "चल. पर हात धर, मला दिसत न्हाई."

तेराव्याला वाचण्याचं कलम बाईंच्या सांगण्यावरून रद्द केलं आहे.

साक्षीदार:
१. राधाकिशन, राहणार धारूर. सही.
२. उत्तरेश्वर, राहणार धारूर. अंगठा, चावडीवरून परत आल्यावर दिला.

लिहिणार गुंडप्पा, दस्तुरखुद्द.
मुक्काम धारूर, माघ शुद्ध पंचमी, शके १८४४, फसली सन १३३२.