ठाण्याच्या वाट्याची अर्धी भाकर

कल्याण पूर्व
मंगळवार

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र फाडणार असशील, तर आधी चहा घे. फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे शांतता. म्हणून पोस्टाचा आधार घेतला. पत्र फाडायला निदान हातात तरी घ्यावं लागतं. कल्याणहून ठाण्याला माणसं रोज कामाला जातात आणि संध्याकाळी घरी येतात. तू एकटाच असा निघालास, की टेंभी नाक्याला भाड्याची खोली घेऊन जणू कॅनडात स्थायिक झालास. असो, टोमणा संपला. बातमी अशी, की आपल्या ‘उधळ्या पुत्रा’च्या नाटकाला खडवलीने परत बोलावलंय. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी. आपण होऊन बोलावलंय, दादा. आजवर गावं आपल्याला परवानगी आहे का विचारायची, या गावाने तारीख विचारली. निरोप आल्यापासून मला धड एका जागी बसवत नाही, काल भाजी करपली आणि आज दूध उतू गेलं. सगळी तयारी आहे, कपडे इस्त्रीला दिलेत. फक्त आमच्याकडे मोठा भाऊ नाही. तो तुझ्याकडे आहे.

पहिल्यापासून सांगते. या वेळच्या सुवार्ताफेरीला आपल्या चर्चबरोबर बंगळुरूची तरुण पोरं पाहुणी आली होती. काळे कपडे, तोंडाला पांढरा रंग, हातांत पांढरे मोजे आणि तोंडातून अवाक्षर नाही. पाप, क्रूस, पुनरुत्थान, सगळं हातवाऱ्यांनी, आणि मागे स्पीकरवर इंग्रजी गाणं. पोरं गुणी होती, जीव ओतून करत होती. एकीचं डोळ्यांतलं पाणी रंगातून ओघळताना मी पाहिलं. पण खडवलीच्या बायकांनी त्यांना बहुरूपी ठरवलं आणि सुपातून तांदूळ आणून वाढले. पोरांनी सुपाचे फोटो काढून आपापल्या आयांना पाठवले. मैदान होतं सखाराम भोईरांचं. हा माणूस गावच्या भजनात पखवाज वाजवतो, आपल्या प्रभूशी त्याचं काही देणंघेणं नाही, नाटकाशी मात्र फार आहे. त्याने आल्या आल्या अट घातली, “ह्यो धर्म सोडा, त्यो धर्म धरा, आसला काय बोलायचा नाय. आन् कंटाला आनायचा नाय. पयली चूक झाली तर मी गावाला सांगून बघंन, दुसरीला माफी नाय.” पाळकसाहेबांनी पहिली अट लगेच मान्य केली. दुसरी मान्य करायला थोडा वेळ घेतला.

आता आमच्या नाटकाची अवस्था. तू गेल्यापासून ते अर्धंच उरलंय. धाकटा आपला वाटा घेऊन जातो, उधळतो, डुकरांमागे फिरतो, फाटक्या कपड्यांनी परत येतो, बाप धावत जाऊन मिठी मारतो, टाळ्या, प्रार्थना, चहा. मोठा भाऊ शेतावरून येतो, आतलं गाणंबजावणं ऐकून दारातच रुसून उभा राहतो, बाप जेवण टाकून त्याला आणायला बाहेर जातो, हा सगळा भाग कापला. करायला माणूसच नव्हता. खरं तर कापताना पाळकसाहेबांना बरंच वाटलं, कारण प्रवचनाला वेळ मिळत होता. मला वाटलं नाही. तुझ्या त्या उभं राहण्यावर मी नेहमी विंगेतून नजर ठेवून असायची. काही न बोलता पाठमोरा उभा राहणारा तुझ्यासारखा नट आपल्याकडे झाला नाही. आता घरातही तू तेच करतोयस, पण तिथे प्रेक्षक फार थोडे आहेत.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही, आजही नाही. इतकी वर्षं तू मोठा भाऊ केलास, टेम्पो ठरवलास, पोलीस चौकीत अर्ज दिलेस, आणि एकदाच अप्पांना म्हणालास, या नाताळात मला उधळ्या करू द्या. अप्पा हो म्हणाले. तू दाढीसुद्धा वाढवलीस. आणि त्याच आठवड्यात घर सोडून गेलेला आपला धाकटा संदेश गोव्याच्या ऑर्केस्ट्रातून बॅग खांद्याला लावून दारात उभा राहिला, अप्पांनी त्याला घट्ट धरलं, आणि दुसऱ्या दिवशी तालमीत तुझ्या हातातली उधळ्याची फाटकी कफनी काढून त्याच्या अंगावर घातली. तू हार्मोनियम उचललीस आणि गेलास. आम्ही सगळे जन्मभर येशूने सांगितलेला हा दाखला गावोगाव करून दाखवत होतो आणि आपल्याच स्वयंपाकघरात तो चालू आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या दाखल्यात मधल्या बहिणीचा उल्लेख नाही, पण मेजवानीचा स्वयंपाक कुणी केला असेल ते मला पक्कं ठाऊक आहे.

तर खडवली. मी सूत्रधार, संदेश उधळ्या, अप्पा बाप. अप्पांना आता पायरी नीट दिसत नाही, पण बापाची भूमिका दुसऱ्याला देत नाहीत. तुझ्या हार्मोनियमच्या जागी कीबोर्ड, त्यातला तबला मधूनच लग्नाच्या बँडसारखा वाजायला लागतो. तरी रंग चढला होता. संदेश आला, गुडघ्यावर बसला, अप्पांनी त्याला उठवून मिठी मारली आणि घराकडे, म्हणजे आपल्या त्या निळ्या पडद्याकडे, घेऊन निघाले. एवढ्यात पुढच्या रांगेतून सखारामची आई उठली. रखमाबाई. कंबरेत वाकलेली, पण आवाज असा की माइकची लाज वाटावी. “आरं थांब. पोर येवऱ्या लांबशी आलाय, तसाच घरान नेतंस?” सुनेला हाक मारून तिने तांदळाची भाकर आणि पाण्याचा तांब्या मागवला. तांब्या संदेशच्या पायाशी ठेवला, भाकर मोडली, अर्धी ओटीत ठेवली, अर्धी त्याच्यावरून ओवाळायला लागली. रीतसर भाकरतुकडा, दादा. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकतात तसा.

पाळकसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. ओवाळणं आपल्यात बसत नाही, आणि हे तर प्रभूच्या दाखल्यात चाललेलं. मला वाटलं, आता हे तिला थांबवणार, सखाराम यांना थांबवणार, आणि आम्ही सगळे स्टेशनकडे पळणार. रखमाबाईने ओवाळून झाल्यावर तो तुकडा अप्पांपुढे धरला, बापाने तो लांब फेकून द्यावा म्हणून. आणि अप्पांनी काय केलं असेल? उभ्या जन्मात त्यांच्यापुढे कुणी मोडलेली भाकर धरली ती चर्चमध्ये, प्रभुभोजनालाच. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तुकडा घेतला, डोळे मिटले आणि खाल्ला.

मग बायकांमधून “अगं बाई” असा सूर उठला. रखमाबाईने कपाळावर हात मारला. “आरं बापा, ती खायाची नसते. पोराची सगली पीडा खाल्लीस की रं.” अप्पा अजून चावत होते. तोंडातला घास संपवून, नाटकात कुठेही नसलेलं वाक्य ते अगदी घरच्या आवाजात बोलले, “खाल्ली तर खाल्ली. पोरगा माझाच आहे ना.”

दादा, मी इतक्या वर्षांत किती प्रवचनं ऐकली, किती लिहून दिली, कितींची टर उडवली. दुसऱ्याची पीडा आपल्या अंगावर घेणं म्हणजे काय, हे समजावण्यासाठी आम्ही केवढाले फलक रंगवले. आणि तिथे एका चुकीच्या घासात सगळ्या गावाला कळलं. मलाही. बायका पदराने डोळे पुसत होत्या, सखाराम जमिनीकडे बघत होता. पाळकसाहेब सावकाश खाली बसले आणि प्रवचन त्यांनी खिशातच ठेवलं, हा त्या दिवसाचा दुसरा चमत्कार.

पण रखमाबाई जागची हलली नव्हती. “आन् मोठा कुठं हाय?” तिने विचारलं. “तू पयलाच बोल्लास, मला दोन पोरं हायेत म्हनून. त्याच्यावरना कोन ओवालनार? घरान राबनाऱ्याला काय नजर लागत नाय?” आम्ही शेवट कापला होता, सुरुवातीचं वाक्य कापायला विसरलो होतो. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी संदेशकडे पाहिलं. मग त्यांनी त्या बाईला खरं ते सांगितलं, “तो ठाण्याला असतो.” पोरंटोरं हसली. रखमाबाई हसली नाही. “ठाना काय लांब हाय? बोलाव त्याला.” आणि ओटीतली अर्धी भाकर तिने फडक्यात बांधून अप्पांच्या हातात दिली. बंगळुरूच्या पोरांना मी हे सगळं भाषांतर करून सांगितलं, तर एकाने विचारलं, बायबलमध्ये ठाणं कुठे येतं. मी म्हटलं, लूकच्या पंधराव्या अध्यायात, अगदी शेवटी, मोठा भाऊ रुसतो तिथे.

परवा सखाराम स्वतः आपल्या घरी आला. आई म्हणते पुन्हा खेळ लावा, पण अर्धा नको, मोठ्याला घेऊन या. संदेशने त्याच्यासमोरच धुतलेली कफनी तुझ्या जुन्या खुंटीवर टांगली आणि मला म्हणाला, दादाला उधळ्या करू दे, मी दारात उभा राहतो, मला सवय व्हायला हवी. मी म्हटलं, हे तू त्याला सांग. तर म्हणाला, माझं तो ऐकेल का, तू लिही, तुझं अक्षर तो ओळखतो. तेव्हा तुला कुठला भाऊ करायचा तो कर. हार्मोनियम आणलीस तर कीबोर्डवाल्याला मी आनंदाने घरी पाठवीन. वहिनीला आण, पुढच्या रांगेत बसव.

आणि आता खरं सांगते, म्हणजे पत्र लिहायचं कारण. नाटकाला मोठा भाऊ मी कुठूनही उभा करीन, डोंबिवलीत रुसलेली माणसं कमी नाहीत. ती अर्धी भाकर अप्पांनी बिस्किटाच्या डब्यात ठेवली आहे. वाळून पापड झालीय. मी दोनदा टाकायला निघाले, दोनदा त्यांनी डबा काढून घेतला. रोज सकाळच्या प्रार्थनेनंतर उघडतात, बघतात, बंद करतात. काल मी विचारलं, अप्पा, हिचं करायचं तरी काय. म्हणाले, ओवाळून टाकायची, बाईने सांगितलंय. पण ज्याच्यावरून ओवाळायची तो नको का. आज सकाळी डबा उघडून नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले होते, दादा. तू आलास तर ती टाकून देता येईल. नाही आलास तर ते तीही खातील.

तुझीच,
मधली, माया