उर्सुलाकडची गोधडी

३ नोव्हें., सोम.
उर्सुलाची गोधडी आली एकदाची. मोबाईलवरच्या गोधडीवाल्या आज्यांच्या ग्रूपनं आमची जोडी लावलेली. तिची लेक बाळंत व्हायची, माझी सुमाही. एकमेकींच्या नातवंडाला शिवून पाठवायचं. जर्मन माणूस म्हणजे घड्याळ, असं समजत होते. बाई पंधरा दिवस उशिरा.
कोरी करकरीत. मशीनची शिलाई, पट्टीनं आखल्यागत. बाळाला टोचेल. कपाटात ठेवली. या लोकांना हातानं शिवायला सवड कुठली.

८ नोव्हें., शनि.
माझी तिला पोचली. उ.नं फोटो ग्रूपवर टाकला, काठाचा विरलेला भाग मोठा करून. 'ही वापरलेल्या कापडाची आहे. बाळासाठी?' भाषांतर मोबाईलनं केलं, पण ते प्रश्नचिन्ह तसंही कळलं असतं.
खाली एकीचं, इंडियातून असंच येतं. दुसरीचं, उकळून घे, रोग असतात. त्याखाली हसरे चेहरे.
माझ्या आईचं, अव्वाचं हिरवं इरकल होतं ते. ती गेल्यापासून ट्रंकेत जपलेलं शेवटचं लुगडं. नेसून नेसून लोण्यासारखं मऊ. अर्धं सुमाच्या बाळाला, अर्धं हिच्या नातवंडाला, म्हणून हातानं कापलं.

९ रवि.
हे म्हणाले, "सोड तो ग्रूप. गोरी माणसं सगळी सारखीच." तिकडं त्या बायका आपल्याबद्दल हेच म्हणतायत की. भाजी करपली.

११ मंगळ.
ग्रूप चालवणाऱ्या बाईंचं फार गोड पत्र. नियमांत नवं कापड असं लिहायला हवं होतं, चूक आमची. उ.ला दुसरी शिवून द्याल का?
कोवळ्या जिवाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, हे कुणाला सांगावं लागतं? तिलाही उलटं तसंच वाटत असणार. राग गेला नाही तरी.
संध्याकाळी नवी पेठेत गेले. दुकानदारानं ठाण उलगडलं. गालाला लावून बघितलं. खरखरीत, खळीचा वास. तशीच परत.

१३ गुरु.
उ.चा निरोप, फक्त मला. 'फोटो टाकायला नको होता. वाटलं, तुम्ही माझ्या नातवंडाला टाकाऊ दिलंत. परत पाठवू का?'
हो म्हटलं तर अव्वाचं लुगडं घरी येतं. दिवसभर डोक्यात तेच. शेवटी लिहिलं, आमच्यात बाळाला जुनंच कापड घालतात, घरच्या माणसानं नेसून मऊ केलेलं. ते माझ्या आईचं. ठेवायची तर ठेवा, नाहीतर परत पाठवा. कचऱ्यात तेवढी टाकू नका.
वाचल्याची खूण आली. बाकी काही नाही.

२० गुरु.
अजून उत्तर नाही. टाकली असेल तर... नको.
सुमाला सगळं वाचून दाखवलं. माझी बाजू घेईल असं वाटलेलं. नखं कापता कापता म्हणाली, "तिची तरी तू कुटं वापरलीस? कपाटात कोंबलीस की."
"नवी हाय ती. टोचंल."
"मग तिला पण तसंच वाटलं आसंल की."
लई बोलते पोरगी. खरं बोलली म्हणून जास्त राग आला.

२ डिसें., मंगळ.
उ.चा फोटो आला. बाल्कनीत तार, तारेवर आपली गोधडी, मागं बर्फ. असल्या थंडीत काय वाळणार. मोठा करून बघितला. हिरवा रंग उतरलाय, उकळली असणार. टाके मात्र सगळे जागच्या जागी. जीव भांड्यात पडला.
सोबत एक अक्षर नाही. परत पाठवायला धुतली की बाळाला घालायला, कळत नाही. मी विचारलं नाही.
सुमाचे दिवस भरत आलेत. दुपारी कपाटातली उ.ची गोधडी काढली, कोमट पाण्यात भिजत घातली. हे पहिलं धुणं. मऊ व्हायला अजून बरीच लागतील.