समुद्राकाठी राहायला जाण्याबाबत

२ फेब्रुवारी. सकाळी ७.
निर्णय झाला. शहर सोडायचं. समुद्राकाठच्या त्या लहानशा गावात जाऊन राहायचं.
काल मुलांच्या डॉक्टरांनी भिंगरीची छाती तपासली. पाच वर्षांची पोर आणि वर्षात चौथ्यांदा श्वासाचा पंप. समोरची इमारत पाडून नवी बांधतायत, ती धूळ थेट आमच्या चौथ्या मजल्यावर येते. जमत असेल तर हवा बदला, असं डॉक्टर म्हणाले. मी जिन्यातच ठरवून टाकलं. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, हेच ती गेल्या वर्षापासून सांगतेय. मला आठवत नाही. असो. कल्पना कुणाची हे महत्त्वाचं नाही, पुढाकार कोण घेतो हे महत्त्वाचं.

३ फेब्रुवारी.
कामाला लागलो. ऑफिसात माझं काम अहवाल लिहिण्याचं. कुठल्या जुन्या इमारतीत लिफ्ट बसेल, कुठल्या नाही. नऊ वर्षांत माझा एकही अहवाल चुकीचा ठरलेला नाही. शेवटी मी नेहमी ‘अधिक अभ्यासाची गरज आहे’ असं लिहितो. ते चुकीचं ठरायला वावच नाही.
तीच शिस्त इथे लावणार. एक्सेल शीट उघडली. हवा, शाळा, दवाखाना, इंटरनेट, खारा वारा आणि आपलं लोखंडी कपाट, असे एकूण तीस मुद्दे. प्रत्येकाला दहापैकी मार्क.

७ फेब्रुवारी.
गावात एका बाईंच्या घराचा वरचा मजला भाड्याने मिळतोय. बाई पोस्टातून रिटायर झालेल्या. त्यांना बेचाळीस प्रश्नांची यादी पाठवली. त्सुनामी धरून.

९ फेब्रुवारी.
बाईंचं उत्तर आलं. ‘येऊन बघा.’ बेचाळीस प्रश्नांना दोन शब्द. पोस्टात आयुष्य गेलं, तारेची सवय सुटली नसणार.

११ फेब्रुवारी. पहाटे ५.१०.
नवं जीवन इथूनच सुरू करायचं. हाफ पँट घातली. स्पीकरवर लाटांचं रेकॉर्डिंग लावलं. गच्चीवर अनवाणी चाललो.
सकाळी ८. लाटा ऐकून भिंगरीला तीनदा बाथरूमला जावं लागलं. हिने स्पीकर उचलून कपाटात ठेवला. माझ्या तळव्यात खडी रुतली. सराव तूर्त स्थगित.

२१ फेब्रुवारी. गावातून.
आठवडाभर प्रत्यक्ष पाहणी. मला पोहता येत नाही, पण गावात राहायला पोहावं लागतं असं कुठेही लिहिलेलं नाही.
नेटवर्क फक्त बर्फाच्या कारखान्यामागे मिळतं. रजेवर असलो तरी मीटिंगला हजर राहावं म्हणून तिथे जाऊन उभा राहिलो. नेमकं बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं. साहेबांनी विचारलं, तुला तिकडे खडी फोडायला ठेवलंय का. सगळे हसले म्हणे, मला ऐकू आलं नाही. इंटरनेट: दहापैकी दोन.
ही तेवढ्या वेळात पोस्टवाल्या बाईंबरोबर शाळा बघून आली. दवाखान्यातही जाऊन आली. ही फिजिओथेरपिस्ट, लोकांचे आखडलेले खांदे सोडवते. इथे जाळी ओढून ओढून अख्ख्या गावाचे खांदे आखडलेत, डॉक्टरीणबाई उद्यापासून ये म्हणतायत, असं सांगत होती. मी विचारलं, मार्क किती दिलेस. दिलेच नव्हते. अशाने अभ्यास होत नाही.

२४ फेब्रुवारी.
इथे झोप नीट होत नाही. नेहमीचा कसलातरी आवाज नाहीसा झाल्यासारखा वाटतो. कुठला ते सापडत नाही. आपल्या फ्रिजचा असावा. झोप: दहापैकी चार.
हिला सांगितलं. ती म्हणाली, भिंगरी चार दिवसांत एकदाही खोकलेली नाही.
नोंद घेतली. पण चार दिवस म्हणजे फारच थोडे. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात चालते, अहवालात नाही.

१ मार्च.
काल परतलो. आज दुपारीच खोकला सुरू. पंप दिला.
बेरीज पूर्ण झाली. शहर २१४, गाव २१३. हिला दाखवली. शहराला तो एक मार्क कशाचा जास्त, असं तिने विचारलं. लिफ्टचा मोठा वाटा आहे म्हटलं, शहराला दहा, गावाला शून्य. ती म्हणाली, तिथलं घर पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट हवीय कशाला. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखे.

६ मार्च.
गावातल्या शाळेची यादी ३१ तारखेला बंद होतेय. पोस्टवाल्या बाईही घरासाठी तोवरच थांबणार. ही म्हणाली, आता एकच गोष्ट उरलीय. तिकडून काम करता येईल का, एवढं साहेबांना विचार.
विचारणार. पण साहेबांचा खांदा दुखतोय. कळ सोसणाऱ्या माणसापुढे मागणी ठेवू नये. त्यांना हिच्या क्लिनिकमध्ये पाठवलं. एका दगडात दोन पक्षी.

९ मार्च.
साहेब चिडलेले. विचारलं नाही.

११ मार्च.
साहेब खुशीत. त्यांची खुशी कशाला घालवा. विचारलं नाही.

१३ मार्च.
विचारलं. लिफ्टमध्ये, दुसऱ्या आणि पाचव्या मजल्याच्या दरम्यान. बारा स्लाइड तयार होत्या, पण तिसऱ्या मजल्यावरच साहेब हो म्हणाले. जा की, म्हणाले, तू इथे नक्की कुठे बसतोस हे मला आजही माहीत नाही.
इतक्या पटकन हो? दाल में कुछ काला है. नऊ वर्षांच्या माणसाला कुणी असं सोडतं का? घरी सांगायचं आहेच, पण आधी यामागचा हेतू कळायला हवा.
संध्याकाळी ६. हिने विचारलं. साहेब विचार करतायत, असं सांगितलं. हे खोटं नाही. माणूस कसलातरी विचार करतच असतो.

१९ मार्च.
हिने पुन्हा विचारलं. फाइल वर गेलीय म्हटलं.
भिंगरीला पंप. दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा असतो. आता ती स्वतःच बोटांवर मोजते. आज सहाव्या बोटावर खोकला आला तर माझ्याकडे बघून, परत करते हं बाबा, म्हणाली. मला वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. उद्या हिला सांगून टाकणार.

२० मार्च.
शुक्रवार. अशा गोष्टी आठवड्याच्या सुरुवातीला सांगाव्यात. सोमवारी.
खरं लिहायचं तर भीती वाटते. इथे मी निदान चौथ्या मजल्यावरचा, अहवालवाला. तिथे सगळ्यांना काही ना काही करता येतं. तिथे मी कोण?
वरच्या दोन ओळी खोडायच्या आहेत. आत्ता हात दुखतोय.

२३ मार्च.
सोमवार. हिला आज क्लिनिकमध्ये गर्दी होती, दमून आली. दमलेल्या माणसाला धक्का देऊ नये.

२४ मार्च.
घोटाळा झाला. साहेब व्यायामाच्या टेबलावर पालथे पडल्या पडल्या हिला म्हणाले, मग कधी निघताय, मी तर केव्हाच हो म्हटलंय. खांदा आता पूर्ण मोकळा झालाय म्हणे. जीभ आधीपासूनच होती.
ही घरी येऊन भांडली नाही. भांडली असती तर माझी उत्तरं तयार होती. तिने चहा केला, मला दिला, आणि कपाटावरची मोठी बॅग खाली काढली. मी म्हटलं, बसून बोलू. ती म्हणाली, बोल, मी घड्या घालता घालता ऐकते. भिंगरीचे मोजे तेवढे शोधून दिले.

२८ मार्च.
गेल्या. टेम्पो नऊला येणार होता, पावणेनऊलाच आला. मी टेम्पोवाल्याला दोर नीट बांधायला सांगितले. तो म्हणाला, बांधून झालेत. ही म्हणाली, तुझा अभ्यास झाला की ये, दार उघडंच आहे. हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. भिंगरी खिडकीतून हात हलवत होती. मीही हलवला, पण मध्ये सिमेंटचा ट्रक आला.
एकूण योजना ठीक चालली आहे. पहिल्या टप्प्यात कुटुंब, दुसऱ्या टप्प्यात मी. मोठी कामं अशीच होतात.

५ एप्रिल.
रविवार. बस स्टँडवर गेलो. खिडकीची जागा नव्हती. पाच तास मधल्या सीटवर अवघडून पोचलेला बाप कुणाच्या काय कामाचा? परत आलो.

१२ एप्रिल.
खिडकीची जागा होती. पण उन्हाच्या बाजूची.

१९ एप्रिल. संध्याकाळी ५.
भिंगरीचा फोन. सगळं एका दमात सांगितलं, मध्ये श्वास घ्यायलाही थांबली नाही. ऐकून फार बरं वाटलं.
शाळेत बाईंनी प्रत्येकाला विचारलं, बाबा काय करतात. कुणाचे बोट चालवतात, कुणाचे बर्फ फोडतात, एकाचे बाबा जाळी शिवतात. भिंगरीने सांगितलं, माझे बाबा ठरवतात. मुलं हसली का, मी विचारलं. नाही म्हणे, कुणीच हसलं नाही. उलट सगळ्यांना ते काम मोठं वाटलं. मला जरा उभारी आली. मग बाईंनी विचारलं, तुम्ही इकडे राहायला यायचं, हेही बाबांनीच ठरवलं का. भिंगरी म्हणाली, नाही, तेव्हा घाई होती, म्हणून ते आईने ठरवलं.
मी म्हटलं, बरोबर सांगितलंस. ती म्हणाली, ठेवते बाबा, खाली सगळे माझी वाट बघतायत.
माझी कुणी बघतंय का, एवढंच विचारायचं होतं. तोवर तिने फोन ठेवला होता.